पिन मारलेल्या नोटा

रविवार, ४ तारीख. घर

तुला मायना काय लिहावा हे नऊ वर्षांत ठरलं नाही, म्हणून सरळ कामाचं लिहितो. तिकीट काढलं. शनिवारी निघतो, रविवारी दुपारी तुझ्या त्या देशात उतरतो. परतीचं त्या शुक्रवारचं आहे. पाच दिवस पुष्कळ झाले. त्याहून जास्त माझं तोंड तुला बघवणार नाही.

गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "या एकदा." मी इतका दचकलो की हो म्हणायचंच राहिलं. तेवढ्यात तू नेहमीचं विचारलंस, "आज दर काय आहे?" आणि मी दर सांगितला. दर रविवारी आपण चार मिनिटं बोलतो, त्यातली तीन दरावर जातात. तुझ्याकडचं चलन चढलं की तू म्हणतेस, "मग याच आठवड्यात पाठवते," आणि उतरलं की मी म्हणतो, "थांब जरा." शेजारची वहिनी विचारते, तुम्ही नवरा-बायको आहात की दलाल? उरलेलं एक मिनिट आपण गप्प असतो. त्या वेळी मला वाटतं, फोनवर तिसरं कुणीतरी श्वास घेतंय. लहान मूल धावून आल्यावर घेतं तसा. तुला कधी ऐकू आलाय का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. आपल्या गुंडीला जाऊन या महिन्यात अकरा वर्षं होतील. आपण फोनवर तिचं नावही काढत नाही.

तू बजावलंस, "रोख जास्त आणू नका, इथे सगळं कार्डावर चालतं." चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो गं मी. गुरूची विद्या गुरूलाच! तरी काल नोटाबदलीच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई मला चांगल्या ओळखतात. का ओळखतात ते पुढे सांगेन. त्या म्हणाल्या, "काका, निघालात का एकदाचे? मी तर आशाच सोडली होती." मग त्यांनी मला धडा दिला. विमानतळावर बदलू नका, तिथे दर मारतात. सुट्या नोटा जवळ ठेवा, टॅक्सीवाले मोठ्या नोटेचे सुटे देत नाहीत. सगळे पैसे एका खिशात नकोत. पावती जपा, उरलेले परत विकताना मागतात. मी मुकाट्यानं ऐकलं. पेन्शनीतून चारशेच्या लहान नोटा घेतल्या आणि पाकिटात ठेवल्या. लॉजचं भाडं, बस, चहापाणी त्यात भागेल.

फळ्यावरचा दर वाचून दाखवायला मला त्यांना सांगावं लागलं. चष्मा घरी राहिला होता, असं त्यांना सांगितलं. चष्मा नाकावरच होता.


शनिवार, १० तारीख. विमानतळ

विमानाला तीन तास आहेत. रविवारचं पत्र टाकलं नाही, पिशवीतच आहे. हेही त्याच्याबरोबर राहील.

आत्ताच एका अधिकाऱ्यानं मला बाजूला घेतलं होतं. ठराविक रकमेच्या वर परकी रोख नेत असलात तर अर्ज भरावा लागतो. मी तो आधीच भरून ठेवला होता. पण आकडा बघून त्याच्या भुवया वर गेल्या.

"आजोबा, एवढे पैसे कुणाचे?"

"बायकोचे."

"आणि नेताय कुणाकडे?"

"बायकोकडे."

"मग तिच्याकडचे तिच्याकडेच होते की! इकडे कशाला आले?"

मागच्या रांगेतली माणसं हसली. मीही हसलो. पण त्यानं जे विचारलं ते तू विचारशील तेव्हा मला हसता येणार नाही, म्हणून इथेच सांगून टाकतो.

तू दर महिन्याला दोनशे पाठवायचीस. ते इथे आले की बँक ते आपल्या पैशात करून माझ्या खात्यात टाकायची. मी ते दुसऱ्या दिवशी काढायचो, नोटाबदलीच्या दुकानात जायचो आणि पुन्हा तुझ्याकडच्या नोटा घ्यायचो. दोनशेचे एकशे शहाऐंशी, सरासरी. येताना एक दर, जाताना दुसरा, वर कमिशन. जगातला एकही कॅशियर असला व्यवहार करणार नाही, आणि मी तो एकशे आठ वेळा केला. एकशे आठ पुडकी आहेत. जपमाळच झाली म्हण. वीस हजार अठ्ठ्याऐंशी. मधल्या मध्ये पंधराशे बारा गेले, म्हणजे तू साडेसात महिने फुकट राबलीस. त्यातले एका महिन्याचे तू डोळ्यासाठी म्हणून पाठवलेस, त्यांचंही हेच केलं.

छप्पर दुरुस्त केलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन केलं नाही. डाव्या डोळ्यानं दिसतं, त्यावर चाललंय. तुला खोटं सांगितलं. माझी पेन्शन मला पुरते, हे खरं कारण नाही. तुझ्या पैशाला हात लावला की हात भाजायचा. ते घ्यायचा मला हक्क नाही, एवढंच आज लिहितो. का नाही, ते लिहायला अजून बळ आलेलं नाही.


सोमवार, १२ तारीख. लॉज

काल फोनवर "पोचलो" म्हणालो, तू म्हणालीस "बरं," आणि बुधवारी तुझी सुट्टी म्हणून बुधवारी मी बसनं तुझ्या गावी यायचं ठरलं. लॉज बरा आहे. खोलीत एक खाट, एक खुर्ची, खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. लॉजवाला गुडघेदुखीनं बेजार आहे. इथली भाषा मला येत नाही, पण गुडघ्याची भाषा सगळीकडे एकच. आम्ही एकमेकांना गुडघे दाखवतो आणि माना हलवतो.

सकाळी वाटलं, तुझ्या हातात एकशे आठ पुडकी देण्यापेक्षा मोठ्या नोटांचं एक नीट पाकीट द्यावं. म्हणून खालच्याच नोटाबदलीच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. पहिलं पुडकं काचेखालून सरकवलं. तिनं ते उलटंपालटं केलं आणि परत सरकवलं. मी दुसरं दिलं. तेही परत आलं. मग तिनं फोनवर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं. आपल्या भाषेत आलं होतं, मोडकंतोडकं, पण आलं होतं: या नोटा छेदलेल्या आहेत, लिहिलेल्या आहेत, आम्ही घेऊ शकत नाही.

अगं, मी त्यांना पिना मारल्या होत्या. प्रत्येक पुडक्याला दोन दोन, आणि वरच्या नोटेच्या पांढऱ्या जागेत पेनानं आकडा, तारीख आणि माझी सही. आमच्या वेळी पुडकं असंच बांधत. तिथेही हे बंद होऊन जमाना लोटला, वरून परिपत्रकावर परिपत्रक आलं, पण हाताला कोण परिपत्रक वाचून दाखवणार? घरी आणलेलं पुडकं मोजलं की स्टेपलर आपोआप हातात यायचा. नऊ वर्षं मी अगदी व्यवस्थित, नियमानं, तारीखवार तुझे पैसे भोकं पाडून ठेवले. मला त्या काचेसमोर रडूच फुटलं. मुलगी घाबरली. तिनं मला पाणी दिलं.

मग तिनं नकाशा काढून मोठ्या बँकेत पाठवलं. तिथे खराब नोटा घेतात. पण तीन आठवडे लागतात, रक्कम इथल्या खात्यातच जमा होते, आणि अर्जावर खातेदाराची सही हवी. म्हणजे तुझी. अर्ज घेऊन परत आलो.

दुपारी खोलीत बसून सगळ्या पिना काढल्या. नखानं, एकेक. खालच्या दुकानातलं मोजायचं यंत्र सुरू असतं, त्याची फरफर जमिनीतून वर येते. मीही मोजायला लागलो. सात, आठ, नऊ, आणि दहाच्या जागी कुणीतरी म्हणालं, "घर."

तुला आठवतं ना? मी घरी कागदाच्या चिठ्ठ्यांवर तिला मोजणी शिकवायचो. ती दहा म्हणायचीच नाही. दहाला "घर" म्हणायची आणि पुन्हा एकपासून. मी हात थांबवले. यंत्रही थांबलं होतं. मग मी मुद्दाम पुन्हा मोजलं, नवापर्यंत, आणि थांबलो. खोलीत कुणी नव्हतं. तरी मी खुर्चीकडे पाठ करून बसलो, आणि वळून बघायला भ्यालो. स्वतःच्या लेकीला भ्यालो.


मंगळवार, १३ तारीख. लॉज

आता लिहितो.

त्या दिवशी महिनाअखेर होती. काउंटर बंद झाल्यावर कॅश मोजली आणि पाचशेची एक नोट कमी आली. पुन्हा मोजली, पुन्हा कमी. सव्वाचार वाजता तुझा फोन आला. गुंडीच्या पोटातलं दुखणं वाढलंय, दवाखान्यात आणलंय, डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत, लगेच या. मी म्हणालो, कॅश जुळली की निघतोच. मी पोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. तिला साडेपाचला आत नेलं होतं. आतून ती आलीच नाही. अपेंडिक्स आतच फुटलं होतं, असं ते म्हणाले.

तू विचारलंस, "का नाही आलात?" आणि मी म्हणालो, "मॅनेजरनं सोडलं नाही. नियम आहे. कॅश जुळल्याशिवाय कॅशियरला जाता येत नाही."

नियम खरा आहे. बाकीचं खोटं आहे.

मॅनेजर माझ्या टेबलापाशी स्वतः आला होता. साडेचार वाजता. म्हणाला, "अहो, पोरगी दवाखान्यात आहे म्हणे? उठा, निघा. मी मोजून घेतो, कमी आली तर माझ्याकडून भरतो." त्यानं माझी पिशवीसुद्धा उचलून हातात दिली. मी ती खाली ठेवली. म्हणालो, "दहा मिनिटं, साहेब. माझ्या वेळात तेवीस वर्षांत एकदाही कमी आलेली नाही." दहा मिनिटांचे पावणेदोन तास झाले. शेवटी नोट सापडली, दुसऱ्या एका नोटेला चिकटलेली. मला आनंद झाला. हे मला कुणालाच सांगता आलेलं नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी तुझा नवरा तिथे उभा राहून खूश होता.

पोटदुखीच तर आहे, असं मला वाटलं होतं. हे कारण म्हणून लिहीत नाही. वाटलं होतं एवढंच.

दोन वर्षांनी तू इकडे आलीस. मी तुला अडवलं नाही. मागच्या वर्षी मॅनेजर वारल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, "बरं झालं." मी तुला दर सांगितला. अंत्ययात्रेला गेलो तर त्याची बायको माझा हात धरून म्हणाली, "तुमच्या मुलीची ह्यांना फार हळहळ होती, आणखी जोर करून पाठवायला हवं होतं म्हणायचे." तो माणूस माझं खोटं डोक्यावर घेऊन गेला. तेव्हापासून मी घरात कुठेही बसलो तरी माझ्या मागच्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असतं. गुंडी की तो, ते कळत नाही.

ही चारही पत्रं आता एका पाकिटात घालून टाकतो. लॉजवाला खुणेनं सांगतो, उद्या सकाळी तुला मिळतील. उद्या मी येणार नाही. तुझ्या सुट्टीच्या दिवशी तुझ्या दारात उभं राहून हे तोंडानं सांगायची माझी छाती नाही. वाचून तू ठरव. शुक्रवारी दुपारी माझं विमान आहे, तोवर इथेच आहे. नाही आलीस तर मोठ्या बँकेचा अर्ज आणि नोटा लॉजवाल्याकडे ठेवून जाईन. सही तेवढी कर. पैसे तुझेच आहेत.


गुरुवार, १५ तारीख. तुमच्या लॉजखालचा बाक

अहो,

लॉजवाला सांगतोय, तुम्ही पाव आणायला गेलात. त्याच्याकडूनच कागद मागून घेतला. तुम्ही समोर असतात तर तोंडातून शब्द फुटला नसता, म्हणून तुम्ही यायच्या आत लिहून टाकते.

आधी पैशांचं. तुमची अक्कल गहाण पडली होती का? मी इथे म्हाताऱ्यांना अंघोळी घालते, त्यांची ओली अंथरुणं बदलते, माझ्यासाठी वर्षाला एक जोडी चपला घेते. दोनशे पाठवले की मला वाटायचं, आता छपराचं काम निघालं असेल. आता डोळा झाला असेल. तुम्ही फोनवर सांगायचात, पट्टी निघाली, लख्ख दिसतंय, आणि मी त्या दिवशी कामावर गाणं गुणगुणले होते. एवढ्या एकाच गोष्टीत मी अजून तुमची बायको होते. ती तुम्ही दर महिन्याला दुकानात नेऊन मोडून आलात. पंधराशे बाराचं मला काही नाही. हे मात्र लागलं.

मॅनेजरसाहेबांचं मला माहीत नव्हतं. काल वाचलं आणि नळ वाहता सोडून बसून राहिले. अकरा वर्षं मी त्या माणसाला तळतळाट दिले. मेला तेव्हा बरं झालं म्हणाले. आता ते शब्द मी कुणाकडे जाऊन परत घेऊ? त्यांच्या बायकोला तुम्ही पत्र लिहायचं. मी सांगते तसं, माझ्यासमोर बसून.

आणि फोनवरचा तो श्वास. मला नाही ऐकू येत. मी रिसीव्हर कानात रुतेपर्यंत दाबायची, कुठूनतरी काहीतरी ऐकू यावं म्हणून. काहीच येत नाही. तुम्हाला येतो आणि मला येत नाही, याचाही मला राग आला.

आता माझं. हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही.

त्या दिवशी दवाखान्यात पाच वाजायच्या सुमाराला तिला जरा बरं वाटत होतं. दुखायचं एकदम थांबलं होतं. ते चांगलं लक्षण नव्हतं हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, "आई, बाबांची कॅश जुळली का?" तुम्ही घरी आलात की दारात ती रोज हेच विचारायची ना, आणि जुळली म्हटलं की तुमची पिशवी घ्यायची. मी म्हणाले, "हो गं, जुळली. निघालेत ते." ती म्हणाली, "मग ठीक आहे." आणि कुशीवर वळली. त्यानंतर तिला आत नेलं.

माझं तिच्याशी शेवटचं बोलणं खोटं होतं, आणि ते मी तुमच्यासाठी बोलले. तुम्ही उशिरा आलात हे एक वेळ मी सोसलं असतं. हे नाही सोसलं. ती तुमच्यावर रागावून गेली असती तर मला बरं वाटलं असतं. ती निश्चिंत होऊन गेली, आणि ते मी एकटीनं पाहिलं. तुम्हाला सांगावं तर तुम्ही त्याच रात्री जिवाचं काहीतरी करून घ्याल अशी भीती. न सांगता तुमच्यासमोर ताट वाढायचं, तर ते ठेवून मी लगेच आत निघून जायची. म्हणून इतक्या लांब आले. दर विचारत राहिले, कारण दुसरं काही बोलायला तोंड उघडलं असतं तर हेच बाहेर आलं असतं.

आता तुम्हालाही ते ठाऊक झालं. मी तुमच्यावर दया करून सांगितलेलं नाही. एकटीनं वाहायचा मला कंटाळा आला.

उद्याचं विमान सोडा. माफ केलं असं समजून हुरळू नका, मी काही माफ केलेलं नाही. पण मला तुमच्यावर रागवायचंय. समोर बसवून, मोठ्यानं, शेजारी ऐकतील असं. चार मिनिटांत तो राग मावत नाही. किती दिवस लागतील ते मला विचारू नका. तिकीट पुढे ढकला, दंड पडला तर पडू दे. मी काम करते त्या वृद्धाश्रमात पाहुण्यांसाठी एक खोली असते, तिचं मी विचारून आलेय. आणि रागवून झालं की मला तिच्याबद्दल बोलायचंय. कशी चालायची, कशाला हसायची, काय लपवायची. माझ्याकडचं आता विरळ होत चाललंय, आणि हे विचारायला जगात तुमच्याशिवाय मला दुसरं माणूस नाही.

कोपऱ्यावर तुम्ही दिसताय. पिशवी छातीशी धरून, एका डोळ्यानं रस्ता चाचपत येताय. किती म्हातारे झालात हो.

मी उठत नाही. तुम्हीच या इथवर.